लग्नाला जा, पण आर्गॉनच्या यादीत दुसरं नाव घालून

प्रश्न : मी मूळची सांगलीची. जानेवारी २०२१ पासून अमेरिकेत, इंडियाना राज्यात, मटेरियल्स सायन्समध्ये पीएचडी करते आहे. विषय लिथियम बॅटरीत वापरायच्या सिरॅमिकचा. पाच वर्षांचा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा गेल्या डिसेंबरात संपला, पासपोर्ट या ऑक्टोबरात संपेल. १३ मे २०२६ ला धाकट्या बहिणीचं लग्न आहे. १७ मे पासून अधिक महिना लागतो, त्यामुळे तारीख पुढे ढकलणं नाही. २ मे ला निघायचं, लग्न करून मुंबईत व्हिसा घ्यायचा आणि २८ ला परतायचं, असा विचार आहे. पण १६ जूनपासून आर्गॉन या राष्ट्रीय प्रयोगशाळेत आमचा बीमटाइम (तिथल्या एक्स-रे यंत्रावरची राखीव वेळ) आहे आणि डिसेंबरात माझा डिफेन्स (प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा). आमच्या एका सीनियरचं व्हिसाच्या जादा तपासणीत, २२१(जी) मध्ये, अडकून अख्खं सेमिस्टर गेलं. गाइड म्हणतात, ऑगस्टमध्ये मॉन्ट्रियलला कॉन्फरन्स आहे, व्हिसा तिथेच कर. लॅबमधले म्हणतात, आधी इन्स्टाग्राम बंद कर. २०२३ मध्ये गाडी जोरात चालवल्याचं एक तिकीटही मिळालं होतं. बाबा म्हणतात, येऊ नकोस, काम महत्त्वाचं. आई काहीच म्हणत नाही. जाऊ का?

उत्तर : जा. मात्र २ ते २८ मे हा बेत मोडा. लग्न उरकून मग व्हिसा, हा त्यातला क्रमच उलटा आहे.

आधी एक गाठ सोडवू, कारण तुमच्या घरच्यांचाही तिथेच घोळ होत असणार. पासपोर्टवरचा व्हिसा ही फक्त आत येण्याची परवानगी. आत आल्यावर राहण्याचा हक्क व्हिसावर नसतो, तो आय-२० (युनिव्हर्सिटीनं दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आणि आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद) यांवर असतो. तुमच्या आय-९४ वर तारखेच्या जागी ‘डी/एस’ असेल, म्हणजे शिक्षण नियमात चालू आहे तोवर. त्यामुळे डिसेंबरात व्हिसा संपला तरी तुम्ही बेकायदा झालेल्या नाही. अमेरिकेतच राहिलात तर डिफेन्सपर्यंत आणि त्यानंतर ओपीटीवरही (पदवीनंतर एफ-१ वर मिळणारी प्रशिक्षणाची, म्हणजे कामाची मुभा) तो संपलेला व्हिसा कुणी विचारणार नाही. प्रश्न फक्त बाहेर पडून परत आत येण्याचा आहे. (‘डी/एस’ काढून जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक तारीख द्यावी, असा प्रस्ताव २८ ऑगस्ट २०२५ ला सरकारनं मांडला. सहाव्या वर्षात असलेल्या तुमच्यासारख्यांना त्याचा सगळ्यात जास्त फटका बसेल. निघण्याआधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये त्याची स्थिती विचारून घ्या.)

म्हणजे न जाण्यात कायद्याचा काही धोका नाही. मग जा असं का म्हणतो आम्ही? कारण पुढची दोन-तीन वर्षं बघितली तर बाहेर पडायला याहून बरी वेळ दिसत नाही. आज तुमच्याकडे चालू आय-२० आहे, नोंदणी पूर्ण आहे, पगार देणारा गाइड आहे आणि पदवी संपायला आठ-दहा महिने आहेत. व्हिसा अधिकाऱ्याला समजायला ही सरळ केस आहे : शिकते आहे, पूर्ण करायचं आहे, परत जायचं आहे. डिफेन्सनंतर ओपीटीवर असताना हाच व्हिसा मागायला गेलात तर शिक्षण संपलेलं, हातात नोकरीचं पत्र, आणि एफ-१ हा तर विद्यार्थ्याचा व्हिसा. २१४(बी) खाली, म्हणजे ‘तुम्ही परत मायदेशी जाल याची खात्री पटली नाही’ म्हणून, नकार द्यायला तिथे जास्त वाव असतो. शिवाय ओपीटीत बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच चालतात. नोकरी सुरू व्हायच्या आधी भारतात अडकलात तर तेही मोजले जातात.

आता मॉन्ट्रियल. ही सूचना काही वर्षांपूर्वी चांगली होती, आज ती टाकाऊ आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं सांगितलं की पर्यटक-विद्यार्थ्यांसारख्या तात्पुरत्या व्हिसाचे अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायचे. तुमच्यासाठी त्याचा अर्थ भारत. कॅनडात अर्ज केलात आणि तो नाकारला गेला तर फी जाईल आणि पुढच्या प्रत्येक अर्जात त्या नकाराचा खुलासा करत बसावं लागेल.

तरी कॉन्फरन्स सोडायचं कारण नाही. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवस किंवा त्याहून कमी काळासाठी जाऊन आलं तर संपलेल्या व्हिसावरही परत आत येता येतं. या सवलतीला ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणतात. अट अशी की आय-९४ चालू हवा, आय-२० वर प्रवासाची सही हवी, आणि त्या मुक्कामात नव्या अमेरिकी व्हिसासाठी अर्ज केलेला नको. गाइडचा सल्ला इथेच अंगाशी येतो : तिथे अर्ज केला की ही सवलत त्याच क्षणी संपते आणि व्हिसा येईपर्यंत तुम्ही कॅनडात लटकता. जाताना आय-९४ ची छापील प्रत जवळ ठेवा. विमान कंपनीच्या काउंटरवर हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो असं नाही, तेव्हा त्याची छापील प्रतही सोबत असू द्या. आणि कॅनडाचा स्वतःचा व्हिजिटर व्हिसा भारतीयांना वेगळा काढावा लागतो, तो अर्ज आताच टाका.

सगळ्यात आधी पासपोर्ट. फेब्रुवारी चालू आहे, ऑक्टोबर लांब वाटतो, पण व्हिसाच्या अर्जाचा पाया पासपोर्टचा नंबर आहे. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज त्या नंबरावर भरायचा, मुलाखतीची नोंदणी त्याच नंबरावर व्हायची. अर्ध्यावर पासपोर्ट बदलला की नंबर जुळत नाहीत आणि दारातूनच परत पाठवू शकतात. इंडियाना शिकागोच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतं. नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात पाठवा, नवा नंबर हातात आला की मगच डीएस-१६० उघडा. जुना पासपोर्ट रद्द होऊन परत येईल, तो जपून ठेवा. जुना व्हिसा त्यातच आहे.

दरम्यान इंटरनॅशनल ऑफिसमधून दोन गोष्टी करून घ्या. आय-२० वर प्रवासाची ताजी सही : विद्यार्थी असताना ती एक वर्ष चालते, ओपीटीवर सहा महिनेच. दुसरं, आय-२० वरची शेवटची तारीख. डिफेन्स डिसेंबरात आहे आणि आय-२० ऑगस्टला संपत असेल तर मुदतवाढ निघायच्या आधी हवी. आय-२० वर N ने सुरू होणारा सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक असतो. तो २०२१ चाच असेल तर ३५० डॉलरची सेविस फी पुन्हा भरायची नाही. जुनी पावती मात्र छापून ठेवा.

मग डीएस-१६०. यात घाई करू नका. पाच वर्षांतली सगळी सोशल मीडिया खाती त्यात विचारतात, आणि लोक तिथेच चुकतात. इन्स्टाग्राम लिहितात, पण कॉलेजात काढून विसरलेलं ट्विटर किंवा रेडिटचं खातं सुटतं. १८ जून २०२५ पासून एफ, एम आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसाच्या अर्जदारांना ही खाती ‘पब्लिक’ ठेवायला सांगितलं जातं. तेव्हा लॅबमधल्यांचा सल्ला नेमका उलटा आहे. मुलाखतीच्या आधी खातं बंद करणं म्हणजे चोराच्या मनात चांदणं. अर्जात नाव आहे आणि खातं सापडत नाही, यानंच शंका येते. आहे तसं ठेवा, कुलूप काढा, आणि व्हिसा हातात पडेपर्यंत तसंच राहू द्या. लिंक्डइनवरचे महिने-वर्षं आणि अर्जातले महिने-वर्षं जुळताहेत का, ते एकदा शेजारी ठेवून बघा. हे कंटाळवाणं काम आहे, पण तासाभरात होतं.

वेगाच्या तिकिटाबद्दल. अर्जात अटक झाली होती का, शिक्षा झाली होती का, असं विचारतात. नुसतं तिकीट मिळालं आणि दंड भरला, तर ती अटक नव्हे. पण एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी अचानक बंद झाल्या होत्या. पोलिसांच्या डेटाबेसमध्ये नाव सापडणं, अगदी किरकोळ आणि निकालात निघालेल्या प्रकरणांतही, हे त्याचं एक कारण होतं. कोर्टकचेऱ्या झाल्यावर महिनाअखेरीस त्या नोंदी पूर्ववत करायला सुरुवात झाली. त्यामुळे त्या काउंटीच्या कोर्टाकडून प्रकरण निकाली निघाल्याचा कागद मागवून घ्या. ऑनलाइन दंड भरल्याचा स्क्रीनशॉट पुरत नाही. कोर्टाचा शिक्का असलेली एक प्रत फाइलमध्ये असावी. विचारलं तर दाखवा, न विचारता पुढे करू नका.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण तुमच्या वयाच्या सगळ्या पीएचडीवाल्यांच्या डोक्यात ती असते : ग्रीन कार्डसाठी स्वतःच एनआयडब्ल्यू (कंपनीशिवाय, राष्ट्रहिताच्या आधारावर करायचा अर्ज) दाखल करणं. अजून केलं नसेल तर परत येईपर्यंत करू नका. तुमच्या नावानं स्थलांतराचा अर्ज दाखल झालाय का, हा डीएस-१६० मधला थेट प्रश्न आहे आणि स्वतः केलेला अर्जही त्यात धरला जातो. ‘हो’ लिहिलंत तर एफ-१ चा मुद्दा कच्चा होतो. ‘नाही’ असं खोटं लिहिलंत तर तो कायमचा अडथळा ठरू शकतो. आधीच केला असेल तर निघण्यापूर्वी वकिलाशी बोला, या सदरावर भागवू नका.

तारखांकडे वळू. पूर्वी व्हिसा नूतनीकरणाला ड्रॉपबॉक्स होता, कागद टाकून घरी यायचं. २ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांसाठी ती सोय गेली, आता मुलाखतीला स्वतः उभं राहावं लागतं. फी १८५ डॉलर, ती भरल्यावरच मोकळ्या तारखा दिसतात. मुंबईत नाही मिळाली तर दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता बघा. मे उजाडला की ऑगस्टमध्ये जाणाऱ्या नव्या मुलांची झुंबड सुरू होते, म्हणून एप्रिलचा तिसरा-चौथा आठवडा धरा. तारीख फुकट एकदाच बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची किंवा चुकली, तर फी पुन्हा. म्हणून मिळाली ती तारीख घेऊ, मग बघू, असं करू नका.

आमचं मत रोखठोक आहे : मुलाखतीची पक्की तारीख हातात नसेल तर तिकीट काढू नका. बहिणीचं लग्न असलं तरी. तातडीच्या मुलाखतीची सोय आहे, पण लग्न हे कारण त्यात बसत नाही, हे दूतावासाच्या नियमातच लिहिलेलं असतं. आणि पक्की तारीखही पूर्ण पक्की नसते. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांच्या सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली तेव्हा भारतातल्या पुष्कळांच्या मुलाखती दूतावासानं स्वतःहून काही महिने पुढे ढकलल्या. सुट्टीपुरते आलेले लोक घरीच अडकून राहिले. प्रवासाआधी आठवडाभर रोज ईमेल बघा, स्पॅमसकट.

म्हणून सुधारलेला बेत असा. १८ एप्रिलच्या सुमारास निघा. तुम्ही रिसर्च असिस्टंट आहात, वर्ग शिकवत नाही. शेवटचे दोन आठवडे बाहेरून काम करायला गाइडची लेखी परवानगी घ्या, आणि इंटरनॅशनल ऑफिसला आधी सांगा. आल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. हे झालं की मग सांगली. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात मुलाखत झाली तर लग्नापर्यंत पंधरा-वीस दिवस आणि बीमटाइमपर्यंत सात आठवडे हातात राहतात. तुमच्या मूळ बेतात मुलाखत १५ मे नंतर गेली असती आणि पासपोर्ट वेळेत परत येण्यावरच सगळा डोलारा उभा असता.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते आणि काचेच्या खिडकीपलीकडच्या माणसाला सिरॅमिक कळत नसतं. त्याला एकच बघायचं असतं : हे संवेदनशील तंत्रज्ञानाच्या यादीत येतं का? त्या यादीत प्रगत पदार्थांचं तंत्रज्ञान आहे, त्यामुळे तुमचा विषय तिच्या काठावर येतो. हे टाळता येत नाही, पण बोलण्यानं ते बिघडवता मात्र येतं. ‘सॉलिड इलेक्ट्रोलाइटमधल्या आयन ट्रान्सपोर्टचं सिंक्रोट्रॉन कॅरॅक्टरायझेशन’ असं म्हणालात तर अधिकारी टाइप करायला लागेल आणि पुढचं तुमच्या हातात राहणार नाही. त्याऐवजी असं : ‘फोनच्या बॅटरीत ज्वालाग्राही द्रव असतो. त्याऐवजी सिरॅमिकचा पातळ थर वापरता येईल का आणि तो का तडकतो, याचा अभ्यास करते. सगळे निष्कर्ष जर्नलमध्ये प्रसिद्ध होतात.’ हे खरंही आहे आणि समजतंही. इंग्रजीत तोंडपाठ करू नका, चार वेळा आईला मराठीत समजावून सांगा. तिला कळलं की तुम्हाला जमलं.

निधी कुठल्या खात्याचा, हे विचारलं तर आहे ते सांगा. लष्करी खात्याचा असेल तर लपवू नका, ते गाइडच्या प्रसिद्ध पेपरच्या शेवटी छापलेलं असतं. ‘पुढे काय?’ असं विचारतील. पदवी डिसेंबरात, मग एफ-१ वर मिळणारं वर्षभराचं प्रशिक्षण, त्यापुढचं ठरलेलं नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. पोस्टडॉकच्या पाच वर्षांचा नकाशा उलगडायची गरज नाही.

सोबतच्या फाइलमध्ये गाइडचं एक पानी पत्र हवं, लेटरहेडवर, चालू महिन्याच्या तारखेचं. त्यात चार गोष्टी : विषय साध्या भाषेत, संशोधन मूलभूत आहे आणि खुलेपणानं प्रसिद्ध होतं हे वाक्य, पैसे कुठून येतात, आणि तुम्ही कुठल्या तारखेला परत हव्या आहात व का. गाइड लोक कौतुकानं भरलेलं पत्र देतात, ‘क्रांतिकारी’, ‘संरक्षणातही उपयोगी’ वगैरे. ते पत्र नोकरीला चालेल, इथे घात करेल. मसुदा तुम्हीच करून द्या. बाकी सीव्ही, सगळ्या प्रकाशनांची यादी, मार्कशीट, पगाराची पत्रं. फोटो दोन इंच बाय दोन इंच, सहा महिन्यांच्या आतला, चष्म्याशिवाय. आत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा तो घरी ठेवा किंवा सोबतच्या माणसाकडे द्या.

समजा २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच्या रंगावरून अर्थ लावणारे लोक बाहेर रिक्षा स्टँडपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे भेटतील. रंग सोडा, मजकूर वाचा. एखादा कागद मागितला असेल तर तो त्याच दिवशी पाठवा. ‘प्रशासकीय प्रक्रिया’ म्हटलं असेल तर तुमचं नाव वॉशिंग्टनला तपासणीसाठी गेलं. वेबसाइटवर ‘रिफ्यूज्ड’ दिसेल. पोटात गोळा येतो, पण २२१(जी) त्याच शब्दात दिसतो. तपासणी पूर्ण झाली की तोच बदलून ‘इश्यूड’ होतो. याला ठरलेली मुदत नाही, काहींचं दहा दिवसांत होतं, काहींचे महिने जातात. कधी डीएस-५५३५ हा फॉर्म येतो. त्यात १५ वर्षांचे पत्ते, नोकऱ्या आणि परदेशप्रवास, आणि ५ वर्षांतले फोन नंबर, ईमेल व खाती विचारतात. तो भारतात बसून भरायला घेतला की २०१३ मध्ये आपण सांगलीत कुठल्या भाड्याच्या घरात होतो इथपासून शोधावं लागतं आणि आठवडा जातो. आत्ताच, तिकडे असताना, हे सगळं एका शीटमध्ये उतरवून ठेवा. फॉर्म आलाच नाही तर चार संध्याकाळी वाया गेल्या एवढंच.

एक बारकावा : मागितलेले कागद वर्षभरात दिले नाहीत तर अर्ज बाद होतो आणि फीसकट नव्यानं सुरुवात. आणि पुढच्या प्रत्येक डीएस-१६० मध्ये ‘व्हिसा कधी नाकारला गेला का’ याला ‘हो’ लिहून, ‘२२१(जी), अमुक तारखेला मंजूर’ असा एका ओळीचा खुलासा द्यावा लागतो.

आता लॅब. इथे तुम्ही अडकलात तरी काम अडकू नये, असं आखता येतं आणि ते आत्ताच आखावं लागतं. आर्गॉनच्या बीमटाइमच्या यादीत तुमच्याबरोबर दुसऱ्या लॅबमेटचं नाव यूझर म्हणून घालायला सांगा. ते केंद्र ऊर्जा खात्याचं आहे, त्यामुळे अमेरिकन नागरिक नसलेल्याची प्रवेशमंजुरी आणि सुरक्षेचं प्रशिक्षण यांना आठवडे लागतात. मेअखेर धावपळ केली तर त्या व्यक्तीला गेटमधून आत जाता येणार नाही आणि मिळालेल्या पाळ्या रिकाम्या जातील. नमुन्यांचंही तसंच. लिथियम असलेली गार्नेट सिरॅमिक हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड खाते, पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेटचा थर चढतो आणि मोजमाप भलतंच येतं. ग्लोव्हबॉक्समध्ये (नमुने ठेवायची हवाबंद पेटी) कुठली चकती कुठल्या डबीत, कधी भाजली, कधी पॉलिश केली, हे फक्त तुमच्या डोक्यात असेल तर दुसरं कुणी जाऊनही उपयोग नाही. प्रत्येक डबीवर तारीख आणि क्रमांक, आणि वहीचे फोटो सामायिक ड्राइव्हवर. निघण्याआधी त्या लॅबमेटला एकदा नमुना बसवायला लावा आणि तुम्ही हात मागे बांधून बघा.

लॅपटॉपचा प्रश्न इंटरनॅशनल ऑफिसचा नाही, युनिव्हर्सिटीच्या एक्स्पोर्ट कंट्रोल ऑफिसचा आहे. तुमच्या प्रकल्पातला कुठला डेटा, कुठलं सॉफ्टवेअर भारतात नेता येतं, ते त्यांना ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बऱ्याच युनिव्हर्सिट्या प्रवासासाठी कोरा लॅपटॉप देतात.

पैशांचं तोंडी आश्वासन घेऊ नका. ‘अडकलीस तर बघू’ असं गाइड मनापासून म्हणतात, पण पगार एचआर देतं. भारतात बसून रिसर्च असिस्टंटचा पगार किती आठवडे मिळू शकतो, उन्हाळ्याची नेमणूक वेगळी असते का, विमा चालू राहतो का, हे लेखी विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर तीन महिन्यांचं घरभाडं बाजूला असल्याशिवाय निघू नका. खोली मे ते जुलै कुणाला पोटभाड्यानं देता येते का बघा. अडकलात तर करायचं काम बाहेर बसून होणारं हवं : प्रबंधाची दोन प्रकरणं, जुन्या डेटाचं विश्लेषण. सांगलीतल्या घरी लग्नानंतरच्या आवराआवरीत ते होणार नाही, गावातल्या एखाद्या अभ्यासिकेत जागा घ्या.

अडकण्याची बाहेरची हद्द दोन तारखांची. पहिली ऑगस्टमध्ये फॉल सेमिस्टरची नोंदणी : तोवर परतला नाहीत तर उशिरा येण्याची परवानगी किंवा रजा, जे करायचं ते इंटरनॅशनल ऑफिसला विचारून. स्वतःहून नोंदणी रद्द करू नका, सेविस नोंद बंद होते. दुसरी, पाच महिने. त्याहून जास्त काळ बाहेर राहिलं की साधारणपणे जुना दर्जा संपला असं धरतात. १८ एप्रिलला निघालात तर ती हद्द १८ सप्टेंबर. त्यापुढे नवा आय-२०, पुन्हा ३५० डॉलर, आणि ओपीटीसाठी पात्र व्हायला पुन्हा एक शैक्षणिक वर्ष लागू शकतं. ओपीटीचा अर्ज अमेरिकेत राहूनच करायचा असतो, कार्यक्रमाच्या शेवटच्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून. तुमच्यासाठी ती खिडकी सप्टेंबरच्या मध्यापासून उघडते. म्हणून मेमधला उशीर परवडतो, ऑक्टोबरमधला परवडणार नाही.

पोस्टडॉकसाठी कुठली युनिव्हर्सिटी एच-१बी देऊ करत असेल तर एवढं ध्यानात ठेवा. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनं नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर लावले, आजच्या भावानं नव्वद लाख रुपयांच्या घरात. युनिव्हर्सिटीला एच-१बी च्या वार्षिक लॉटरीतून सूट आहे, या रकमेतून सरसकट नाही. पण ऑक्टोबरात आलेल्या खुलाशाप्रमाणे अमेरिकेत राहून एफ-१ चा दर्जा एच-१बी त बदलला तर ही रक्कम लागत नाही. बाहेर असलेल्या माणसासाठी अर्ज केला तर लागते. म्हणजे भारतात अडकलेली असताना कुठलाही विभाग ‘काळजी नको, इथून एच-१बी करून बोलावतो’ म्हणाला तरी तो रस्ता बहुधा बंदच. एफ-१ वर परत या, ओपीटी घ्या. स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना असलेली) आणखी २४ महिन्यांची वाढ मिळू शकते, त्यासाठी ती युनिव्हर्सिटी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याला कामाचा हक्क आहे का हे तपासणारी सरकारी प्रणाली) नोंदलेली आहे का, एवढं ऑफर स्वीकारण्याआधी विचारा.

घरी काय सांगायचं? बाबांना सांगा की येण्यात धोका आहे पण तो मोजलेला आहे, आणि वरच्या दोन तारखा त्यांना लिहून द्या. आईला आणि बहिणीला हे आताच सांगा की एप्रिलमध्ये मुलाखतीची तारीख मिळाली नाही तर तुम्ही येणार नाही. ते मार्चमध्ये ऐकणं वेगळं आणि हळदीच्या आदल्या दिवशी ऐकणं वेगळं. परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं काढा, दहा-बारा हजार जास्त गेले तरी.

आणि परत शिकागोला उतरलात की घरी पोचून झोपण्याआधी आय-९४ ची वेबसाइट उघडा. वर्गात ‘एफ-१’ आणि तारखेच्या जागी ‘डी/एस’ आहे का बघा. कधी चुकून पर्यटकाचा वर्ग पडतो किंवा सहा महिन्यांची तारीख येते. पहिल्या आठवड्यात कळलं तर कस्टम्सच्या कार्यालयात ते दुरुस्त होतं. सप्टेंबरमध्ये ओपीटीचा अर्ज भरताना कळलं तर खिडकीतले आठवडे त्यातच जातात.